रजिस्टरातलं पाणी

जांभूळमोळा,
१९ जानेवारी २०२५

चि. लीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तिळगूळ पोचला. म्हणजे निम्मा पोचला. डबा फुटलेला हुता आणि ज्ञानू पोस्टमनच्या मिशीला तीळ चिकटलेला हुता, तवा बाकीचा कुठं गेला ते इचारायची गरज पडली न्हाय. पुढच्या सालाला त्याच्यासाठी येगळी पुडी घाल.

तुझ्या धवलला सांग, फोन करू नको. मी उचलतो, हालो हालो करतो, तिकडनं पोरगं काय बोलतंय ते देवाला ठाऊक. कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारतंय. त्यापरीस पत्र बरं, कुणाला वरडाय लागत न्हाय.

आता बातमी. गावात कंपनी आलीया. वर डोंगराच्या सड्यावर मोठं तळं खोदायचं, आपल्या तलावातलं पाणी मोटारीनं तिथं चढवायचं आणि विजेची गरज लागंल तवा खाली सोडून वीज करायची, असा बेत हाय. पाणी वर जातंय, खाली येतंय, सरतंय कुठं, असं त्यांचा साहेब सभेत म्हणाला म्हणं. मला ऐकू आलं न्हाय, शेजारच्या बनाबाईनं घरी येऊन हातवारे करून सांगितलं. मी म्हटलं, त्या साहेबाला एकदा वैशाखात आणा आणि तलावाचं बूड दाखवा.

१८ मार्चला शाळेच्या मैदानात सरकारी सुनावणी हाय. सरपंच उदयसिंहनं ग्रामसभेत मला पुढं बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की सव्वीस वर्षं तलावाची चौकीदारी करून, रोज सकाळी पट्टी वाचून, पाणी किती फूट ते रजिस्टरात लिवणारा माणूस आपल्याकडं हाय. सुनावणीत पहिल्यांदा अप्पा बोलतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऐकू आल्या न्हाईत, पण दिसल्या. लीले, खोटं कशाला सांगू, डोळं भरून आलं. तुझी वैनी जाऊन चार वर्षं झाली, तवापास्नं माझ्याकडं काम घेऊन कोण आलंच न्हवतं. बनाबाई सकाळी दुधाचा तांब्या ठेवून जाती, ज्ञानू पत्र टाकून जातो, बाकी दिवसभर मी आणि भिंत. आता रोज कोण ना कोण सोप्यात येऊन बसतंय. चहापत्ती आठ दिवसांत संपली.

माया हाय ती हायच. पत्रात कमी पडली तर ज्ञानूनं वाटेत खाल्ली म्हणून समज.

तुझा,
अप्पा


जयसिंगपूर,
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

साष्टांग फक्त कागदावर बरं का. गुडघा आता वाकत नाही.

चहापत्ती संपली हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वैनी असती तर तुला म्हणाली असती, आता मिशीला तेल लावा, पुढारी झालाय. सुनावणीला स्वच्छ धोतर नेस, ते कडेला फाटलेलं नको. आणि कोणी काही विचारलं तर नीट समजल्याशिवाय मान हलवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. ऐकू आलं नाही की तू व्हय व्हय करतोस. अशानं एक दिवस तलाव त्यांच्या नावावर करून येशील.

इकडचं काय सांगू. धवल सातला शिरोलीला कारखान्यात जातो तो रात्री आठला येतो. सूनबाई अंतरा शाळेत शिकवून येते, वह्या तपासते, स्वयंपाक करते. पोरगी गुणाची आहे, पण दमलेली असते, मग मीच गप्प बसते. चौथा मजला. समोरच्या दाराला कायम कुलूप. परवा मला दिवसा कोणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून मी लिफ्टनं खाली गेले, वॉचमनला वेळ विचारली आणि परत वर आले. घड्याळ घरात होतं की.

सासरच्या तळेवाडीच्या वीस गुंठ्यांत पुतण्या राजवीरनं औंदाही ऊस केलाय. हे गेल्यावर तेवढंच माझं म्हणून राहिलंय. आपल्या तलावाचं पाणी पाटानं येतं म्हणून तो तुकडा जगतो. ती कंपनी पाणी वर चढवायला लागली तर खाली तळेवाडीला काय येणार, कप्पाळ? तेव्हा नीट बोल.

आणि हे सगळं उरकलं की इकडं ये राहायला. दरवेळी तू नको म्हणतोस, मी दरवेळी विचारणार.

लोभ आहेच, त्यात धोतराची आठवण धरून वाढवावा.

तुझी,
लीला


जांभूळमोळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. लीलास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. धवलला, अंतराला दावू नको.

परवा उदयसिंहनं कंपनीचा अहवाल आणून दिला. जाडजूड पुस्तक. म्हणाला, ह्यात तलावाच्या पाण्याचे आकडे हायत, तुम्ही तपासा आणि कुठं खोटं हाय ते दावा. मी चष्मा लावून बसलो. पान उलटलं आणि चष्मा पुसून परत बगितलं. साल २००५, मे महिना, बारा फूट. साल २००८, मे, बारा फूट सहा इंच. साल २०१०, मे, बारा फूट. त्याच्याखाली लिवलंय की भर उन्हाळ्यात बी तलावात बारा फूट पाणी असतंय, पिण्याला आणि शेतीला पुरून उरतंय, ते उरलेलं कंपनी उचलणार. लीले, ते आकडे खोटे हायत आणि ते माझे हायत. मागं माझ्या रजिस्टराच्या पानाचा फोटो छापलाय. माझं अक्षर. माझी सही.

नियम तुला ठाऊक हाय. पाणी धा फुटांच्या खाली गेलं की शेतीच्या पाण्याची पाळी बंद, उरलेलं फक्त पिण्याला. आणि आपला तलाव होळीनंतर कधीच धा फुटांवर टिकला न्हाय. आठ, लई झालं तर साडेआठ. मी बारा लिवायचो. ऑफिसातला साहेब रजिस्टर बघून पाळी सोडायचा, लोकांचा ऊस जगायचा. प्यायला मे अखेरीला बाया झऱ्यावर तासतास बसायच्या, पण ऊस जगायचा. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला की माझं खोटं त्यात बुडून जायचं, आणि होळीला मी परत नवं लिवायचो. गावात त्या वक्ताच्या सगळ्या पुरुषमाणसांना ठाऊक हुतं; उदयसिंह तवा पोरगं, त्याला न्हाय. म्हणून तर मला मान. अप्पा हाय म्हणून पाणी हाय, असं म्हणायचे. मी रिटायर झाल्यावर नवा माणूस नेमलाच न्हाय, ऑफिसात बसून गेल्या सालाचे आकडे उतरवत्यात. म्हणजे मी घरी बसलो तरी माझं खोटं नोकरीवरच हाय.

पहिल्यांदा कवा केलं, ते तुला सांगायचं हुतं. २००३ चा दुष्काळ. चैत्रातलं ऊन. तू तळेवाडीवरनं चालत आलतीस, चौकीवर बसलीस, पाणी पिलीस आणि नुसतं म्हणालीस की ऊस जळाय लागलाय. मागितलं काय न्हाईस. मी म्हटलं, जा, पाणी हाय. पाणी न्हवतं. तू वळणावर दिसेनाशी झालीस तवा मी आठाचे बारा केले. तुझ्यावर टाकत न्हाय. हात माझा हुता.

आता १८ तारखेला मी पहिल्यांदा उभा ऱ्हाणार. आणि सांगणार काय? पाणी न्हाय म्हटलं तर ते माझंच पान माझ्यापुढं धरतील. आपलेच दात नि आपलेच ओठ. दोन दिवस जेवण गेलं न्हाय.

लोभ कमी झाला तरी मी काय म्हणणार न्हाय.

अप्पा


जयसिंगपूर,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. वाचून फाडलं.

हे बघ, गप बस. आजारी पड. १८ तारखेला ताप आला म्हणून घरात झोप. उदयसिंहकडं वकील आहे, तो जंगल सांगेल, गवे सांगेल, काय लागेल ते सांगेल. सत्तर वर्षांच्या माणसानं सरकारी माणसांपुढं उभं राहून मी सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलं म्हणायचं? पेन्शन बंद केली म्हणजे? आत टाकलं म्हणजे? कळंब्याच्या जेलात तुला ऐकायला काही येणार नाही आणि मी तिथं येऊन खिडकीतनं ओरडत बसू का?

तुझ्या नावानं त्या गावात लोक हात जोडतात. ते तेवढं एकच तुझ्याकडं उरलंय. ते घालवू नकोस. मी तुझ्या पाया पडते.

रागानं लिहिलंय, लोभ गृहीत धर.

लीला


जांभूळमोळा,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. लीलास,
आशीर्वाद.

तुझं ऐकायला पाहिजे हुतं. न्हाय ऐकलं. कान गेल्यापास्नं ऐकायची सवयच गेलीया.

मी उदयसिंहला सांगितलं. पोरगं पांढरं पडलं. मग सगळ्या बाप्यांची देवळात बैठक झाली, मला मधी बसवलं. कोण काय बोलतंय ते कळंना, नुसती तोंडं हालत हुती. शेवटी उदयसिंहनं वहीत लिवून दावलं. सगळ्यांचं म्हणणं असं की मी सुनावणीला यायचं न्हाय. खरे आकडे भाईर पडले तर ऑफिस उद्याच्या उद्या पट्टी बघायला येणार, पाळी बंद होणार आणि औंदाचा ऊस उभ्या उभ्या वाळणार. कंपनी येईल तवा येईल, ऊस आजचा हाय. गुंडू पाटलानं वही ओढून घेतली आणि मोठ्या अक्षरात लिवलं की इतकी वर्षं गप हुता, मग आत्ताच बरा देव आठवला.

त्याचं बी खरंच हाय की.

पण लीले, मी त्यांना इचारलं, कंपनीनं एकदा पाणी उचलाय सुरवात केली की मग कुठला ऊस आणि कुठलं प्यायचं पाणी? दोन्ही गावं टँकरच्या वाटंकडं डोळं लावून बसणार. एक साल वाळलं तर परत लावता येतंय. तलाव गेला तर गेला. एकेक जण उठून गेला.

त्या दिवसापास्नं सोप्यात कोण येत न्हाय. बनाबाईचा तांब्या बंद झाला. तिचा लेक नको म्हणाला असंल, तिचा बी दीड एकर ऊस हाय, तिला दोष देत न्हाय. काल दुकानात गेलतो, समदे गप झाले असं मला वाटलं. मग आठवलं, मला ते कायमच गप असत्यात. चोराच्या मनात चांदणं. पण न्हाय, तोंडं मिटली हुती, मी बगितली.

काळा चहा पितोय. तसा वाईट लागत न्हाय.

तू तरी पत्र बंद करू नको.

अप्पा


जयसिंगपूर,
६ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

आज साष्टांग खरा आहे. दुखऱ्या गुडघ्यासकट.

तू लिहिलंस की पहिल्यांदा कधी केलं ते मला सांगायचं होतं. अप्पा, मला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. त्या दिवशी तू जा, पाणी हाय म्हणालास आणि मी वळणावरनं मागं बघितलं. तलावातल्या साती आसरा देवींचे दगड उघडे होते. सातही. कोरडे. ते दगड नऊ फुटांच्या खाली पाणी गेल्याशिवाय दिसत नाहीत, हे आपल्या गावच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मी बघितलं आणि खाली चालत गेले. चार दिवसांनी पाटाला पाणी आलं, मी पाटाला हळदकुंकू वाहिलं आणि तोंड शिवून घेतलं. नंतर दर उन्हाळ्यात पाणी आलं आणि दर उन्हाळ्यात मी गप्प. भाऊ पाप करतोय आणि बहीण त्यावर ऊस पिकवतेय. दिवाळीला तुला ओवाळताना मी निरांजनाकडंच बघायचे, तुझ्या तोंडाकडं नाही.

मागच्या पत्रात तुला गप बस म्हणाले, ते तुझ्यासाठी नव्हतं रे. माझ्यासाठी होतं. मलाच उघडं पडायचं नव्हतं.

आता ऐक. आपल्याकडं रीत आहे, ज्या पाण्यावर ऊस त्या पाण्याच्या आसरांना नव्या सुनेनं पहिल्या वैशाखात ओटी भरायची. अंतरालाही आपण नेलं होतं. काल मी कपाटातला अल्बम काढला. फोटोत तारीख छापलेली आहे, १२ मे २०१०. अंतरा आसरांच्या दगडांपाशी उभी आहे, पायांत चप्पल, पदराला धूळ, पाण्याचा थेंब नाही. तिच्या डोक्यावर छत्री धरून तू उभा आहेस. आणि तुझ्या मागं भिंतीवर पट्टी. भिंग लावून बघितलं. पाणी आठाच्या आकड्याला टेकलंय. तुझ्या रजिस्टरात त्या दिवशी बारा आहेत ना?

मी अंतराला सगळं सांगितलं. म्हटलं, ही तरी आता मला काय म्हणेल. ती फोटो हातात घेऊन म्हणाली की तिलाही ते आठवतं, लग्नात तिला सांगितलं होतं की मामांच्या तलावात बक्कळ पाणी असतं, आणि तिथं जाऊन बघते तर भेगा. नवी नवरी म्हणून ती काही बोलली नाही. बघ, तीही गप्प. गप्प बसायचं आपल्या घरात शिकवावं लागत नाही.

फोटो रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. सोबत माझ्या सहीचा कागद आहे, मी काय बघितलं ते त्यात लिहिलंय. दोन्ही दे त्यांना. मी येणार होते, पण गुडघ्यात पाणी झालंय, डॉक्टरनं तीन आठवडे प्रवास बंद केलाय. तुला एकट्याला उभं राहावं लागणार, याचं मला किती वाईट वाटतंय ते कागदावर मावत नाही.

लोभ होता, आहे आणि आता लपवायचं काही राहिलं नाही म्हणून थोडा हलकाही झालाय.

तुझी,
लीला


जांभूळमोळा,
२० मार्च २०२५

चि. लीलास,
अनेक अनेक आशीर्वाद.

स्वच्छ धोतर नेसून गेलतो.

मांडव भरला हुता. मी गेलो तशी वाट झाली, कोण खेटून उभं ऱ्हाईना. माझं नाव यादीत न्हवतं. मी सगळ्यात शेवटी हात वर करून उभा ऱ्हायलो, धरून ठेवला, खांदा भरून आला. शेवटी अधिकारी बाईचं ध्यान गेलं.

मी बोललो. बहिऱ्याचं बोलणं, मोठ्यानं झालं असंल. नाव सांगितलं, नोकरी सांगितली, आणि सांगितलं की अहवालातले मे महिन्याचे आकडे मी लिवले आणि ते खोटे हायत. उन्हाळ्यात तलावात आठ फूट असतंय, त्यात गावाची तहान भागत न्हाय, तुम्हास्नी उचलायला तिथं काय बी उरत न्हाय. फोटो दिला, तुझा कागद दिला. मागं काय गोंधळ झाला मला ठाऊक न्हाय. पाठीला एक वहाण लागली. वळून बगितलं न्हाय, बरं झालं, कुणाची ते कळलं असतं.

बाई शहाणी हुती. मला ऐकू येत न्हाय म्हटल्यावर ती प्रश्न कागदावर लिवून दावाय लागली. पहिल्यांदा इचारलं, कुणाच्या सांगण्यावरनं लिहिलं? मी म्हटलं, कुणाच्या न्हाय, माझा हात. गावाचं नाव घेतलं न्हाय. मग कंपनीच्या वकिलानं कागद मागून घेतला आणि लिवलं की तुम्ही सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली कितीतरी वर्षं सही करून खोटं लिहिलं, तर आता खरं बोलताय ते कशावरून मानायचं?

लीले, प्रश्न बिनचूक हुता. मी त्यो कागद परत त्याच्या हातात दिला. मग म्हटलं, साहेब, मी खोटं लिवत हुतो तवा सारं गाव माझ्या बाजूला हुतं. आज बघा माझ्या बाजूला कोण उभं हाय.

बाईनं मान वर करून बगितलं. मग वकिलानं बी बगितलं. मी न्हाय बगितलं. मला ठाऊक हुतं.

घरी येऊन भाकरी केली. दोन केल्या, सवयीनं. एक कावळ्याला घातली.

फोटो त्यांनी ठेवून घेतला. अंतराला सांग, तिचा पदर आता सरकारी फायलीत हाय.

अप्पा


जांभूळमोळा,
११ मे २०२५

चि. लीलास,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली, उत्तर लिवाय बसलो की हात चालायचा न्हाय. आता लिवतो.

एप्रिलात ऑफिसातनं माणसं आली, पट्टी वाचली, साडेआठ. त्याच दिवशी पाळी बंद केली. माझ्याकडं बी एक कागद आला, चौकशी होणार हाय म्हणून. पेन्शन अजून चालू हाय, पुढचं पुढं.

आणि परवा निकाल आला. कंपनीची फाईल परत पाठवली. आधी दोन सालं पाणी नव्यानं मोजायचं, मग इचार. तवर सड्याला हात लावायचा न्हाय. गावात गुलाल उधळला, उदयसिंहला उघड्या जीपमधनं फिरवला, गावच्या वकिलाला फेटा बांधला. मिरवणूक आपल्या दारावरनं गेली. ढोल ऐकू येत न्हाय, पण जमीन हालती ती पायाला कळती. मी सोप्यात उभा हुतो. जीप थांबली न्हाय. उदयसिंहनं माझ्याकडं बगितलं आणि दुसरीकडं बगितलं. त्याला निवडून यायचं हाय, त्याचा ऊस बी गेलाय. मला राग न्हाय. पण सांगू का, वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. म्हातारपणी माणसाला एवढं वाईट वाटू नये.

दुसऱ्या दिवशी तळेवाडीला चालत गेलतो. तुझे वीस गुंठे बगितले. गेला ऊस, लीले. सगळा गेला. पानं हातात चुरा होत्यात. राजवीर बांधावर हुता, मला बघून घरात गेला. मी तिथंच बसलो. ज्या तुकड्यासाठी पहिल्यांदा खोटं लिवलं, त्यो खरं बोलून जाळला. तुझं म्हणून तेवढंच हुतं, त्ये बी मी ठेवलं न्हाय. मला माफ कर म्हणायला बी तोंड न्हाय.

इकडं ये म्हणून परत लिवू नको. मी येणार न्हाय. हितं कोण बोलत न्हाय म्हणून पळालो असं व्हईल. तसं पळायचं न्हाय.

अप्पा


जयसिंगपूर,
१९ मे २०२५

तीर्थरूप अप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

ऊस गेला ते कळलं. राजवीरनं फोनवर मला नाही नाही ते सुनावलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, बाबा, तो ऊस बावीस वर्षांपूर्वीच जायचा होता, उशिरा गेला. तू माफी कसली मागतोस? ते पाणी ज्यांच्या तोंडचं होतं त्यांची मागू या, दोघं मिळून.

इकडं ये म्हणून लिहिणार नाही. पुरे झालं ते. शनिवारी सकाळच्या गाडीनं मीच येतेय. गारगोटीत गाडी बदलेन, दुपारपर्यंत वळणावर उतरेन. पाहुणी म्हणून नाही. ट्रंक घेऊन येतेय. धवल चिडला, मग रडला, मग म्हणाला पोचवायला येतो. अंतरानं मला औषधांची यादी मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि म्हणाली, आई, तुम्ही इथं चार वर्षं गप्पच होता, मला कळत होतं पण मला वेळ नव्हता. पोरीला मी जवळ घेतलं. तिचा काय दोष.

लोकांचं म्हणशील तर माझ्याही सहीचा कागद त्या फायलीत आहे. तेव्हा तुझ्याशी जे बोलत नाहीत ते माझ्याशीही बोलणार नाहीत. बनाबाईचा तांब्या माझ्यासाठीही येणार नाही. नसू दे. काळा चहा मला आवडतो असं आजपासनं ठरलं. इथं मी एकटी गप्प असते, तिथं तू एकटा गप्प असतोस. दोघं मिळून गप्प बसू. तुला तसंही काही ऐकू येत नाही, आणि मला बोलायचं असेल तेव्हा मी बोलेन, तू व्हय व्हय कर.

लोभ पत्रातनं पाठवायची ही शेवटची खेप. उरलेला मी स्वतः घेऊन येते.

तुझी,
लीला

ता. क. भाकरी दोनच कर.